कमलबाई भेटीला येतात

देवपुरातल्या ख्रिस्ती मंडळीत माणसं आजाराला घाबरत नसत, तितकी कमलबाईंच्या भेटीला घाबरत. कुणाला डेंगू झाला, कुणाची कंबर धरली, की घरचे आधी एकमेकांना बजावत, "कमलबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका." पण धुळ्यात असं काही लपून राहतं का? त्यातून कमलबाई निवृत्त मुख्याध्यापिका आणि भगिनी मंडळाच्या अध्यक्षा. संध्याकाळपर्यंत चार-पाच बहिणी, एक खंजिरी आणि कमलबाई अशी वरात दारात हजर व्हायची.

भेटीचा क्रम ठरलेला असे. एक गीत, एक प्रार्थना आणि शेवटी कमलबाईंचा नियम. आजाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याच दुखण्याबद्दल देवाचे आभार मानायचे. बरं वाटतंय म्हणून नव्हे, दुखतंय म्हणून! "देव तुला तावून सुलाखून काढतोय," त्या म्हणत, "मग कण्हायचं कशाला?" या नियमापायी पोस्टातल्या पुनाभाऊंनी भरल्या घरात मूळव्याधीबद्दल आभार मानले होते. आत चहा ओतणारी त्यांची सून तोंडात पदर कोंबून भुईवर बसली होती.

कमलबाईंच्या पोटात मात्र पाप नव्हतं. न कण्हणं म्हणजेच श्रद्धा, असं त्यांना मनापासून वाटे. आणि कण्हायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. सर्दीसुद्धा त्यांच्या वाटेला जायला धजत नसे.

एकच घर त्यांच्या हातून निसटलं होतं. ते सुलक्षणाचं. तिचा नवरा रवींद्र उन्हाळ्यात जळगावहून केळीचा टेम्पो घेऊन येताना पारोळ्याजवळ अपघातात गेला. माती देऊन माणसं परतली आणि त्याच संध्याकाळी कमलबाई तिच्यापुढे जाऊन बसल्या. म्हणाल्या, "रडू नकोस. आधी आभार मान." सुलक्षणाने त्यांच्याकडे एकदा बघितलं, उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावून घेतली. तेव्हापासून तिने उपासनेत पाऊल टाकलं नव्हतं.

पाळकसाहेब नवीनसर तरुण आणि भिडस्त. ते एकदा उपासनेनंतर चाचरत म्हणाले, "बाई, तिच्याशी जरा वेगळ्या पद्धतीने..."

"नाताळच्या उपासनेला ती माझ्या शेजारी बसलेली दिसेल," कमलबाईंनी त्यांचं वाक्य मध्येच तोडलं. "नाही दिसली तर अध्यक्षपद सोडेन."

हे त्या सगळ्या मंडळीसमोर बोलून बसल्या. आता माघार कुठली? त्या सुलक्षणाच्या दाराशी जात, कडी वाजवत, आणि आत शिलाई मशीन आणखी जोरात धावायला लागे. बाई चडफडत परत येत. पोरीची श्रद्धाच कच्ची, दुसरं काय, असं घरी येऊन आधार नानांना ऐकवत.

आधार नाना म्हणजे त्यांचे यजमान. आयुष्यभर सांगितलं तिथे उभे राहिलेले गृहस्थ. डिसेंबर लागला तेव्हा कमलबाई दारावर नाताळचा तारा टांगायला स्टुलावर चढल्या आणि स्टूल धरायला नाना उभे राहिले. नेमका तेव्हाच नानांच्या खिशात फोन वाजला, आणि तो शोधायला नानांनी दोन्ही हात घातले. तारा वर राहिला, बाई खाली आल्या.

मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली आणि कमलबाई घरी खाटेवर आल्या. त्यानंतर जे सुरू झालं ते नानांनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. वरण पातळ झालं म्हणून आरडाओरडा, पंखा लावला म्हणून, बंद केला म्हणून, शेजारच्या कुकरने शिट्टी दिली म्हणूनसुद्धा. एवढी वर्षं शाळेत छापील मराठी बोललेल्या बाई कूस बदलताना लहानपणच्या अहिराणीत ओरडू लागल्या. नाना स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसत.

बाईंना स्वतःचीच लाज वाटे. डोळे मिटून त्या सुरुवात करत, "प्रभू, या पायाबद्दल मी तुझे..." आणि पुढचा शब्द घशातून वर येत नसे. दुसऱ्यांच्या तोंडून त्यांनी तो किती सहज काढून घेतला होता! त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. श्रद्धा आपल्याजवळ कधी होती तरी का, की नुसती प्रकृतीच ठणठणीत होती?

अशात एका संध्याकाळी भगिनी मंडळ आलं. पुढे खंजिरी घेऊन रूपा. बाईंच्या तालमीत तयार झालेली, बाईंच्या शब्दाबाहेर न जाणारी. गीत झालं. प्रार्थना झाली आणि ती लांबली, कारण बाईंसमोर छोटी प्रार्थना करायची कुणाची छाती नव्हती. इकडे पाय ठणकत होता. अखेर आमेन झालं आणि रूपा हात जोडून, अगदी आदराने म्हणाली, "बाई, आता आभार."

"उद्या मानते," बाई दात आवळून म्हणाल्या.

"पण बाई, तुम्हीच म्हणता ना, उद्यावर टाकायचं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पायाबद्दल..."

"निंघा बठ्ठ्याजणी आठेन!" कमलबाई कडाडल्या. "पाय मना मोडेल शे, तुम्हना नही!"

बहिणी चपला हातात घेऊन पळाल्या. खंजिरी खुर्चीतच राहिली. बातमी दुसऱ्या दिवशी चाळीसगावच्या मंडळीपर्यंत पोचली, आणि वाटेत तिला इतके पाय फुटले की बाईंनी पाळकसाहेबांना तांब्या फेकून मारला असं लोक सांगू लागले. नंतर भेटीला कुणी फिरकेना. पुनाभाऊ तेवढे दारावरून जाताना थोडे ताठ चालत, असं नानांचं म्हणणं.

चार दिवसांनी दुपारी दार वाजलं. नानांनी उघडलं तर सुलक्षणा! हातात डबा. नाना घाईघाईने म्हणाले, "ये ये," आणि पुन्हा डबे पुसायला गेले.

सुलक्षणा खाटेजवळ बसली. बाईंच्या सुजलेल्या पायाकडे, विस्कटलेल्या केसांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भलतं दुखस का, बाई?"

इतक्या माणसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. "भलतं दुखस वं माय," बाई म्हणाल्या आणि पहिलीतल्या पोरासारख्या हुंदके देऊन रडू लागल्या. सुलक्षणाने त्यांना रडू दिलं.

जरा वेळाने ती म्हणाली, "खरं सांगू? मी तुम्हले आभार मानाले लावाले उनी व्हती. रस्ताभर बठ्ठं पाठ करं. म्हटलं, आज बाईले सोडाव नही. पन तुम्हनं तोंड दखं, आनि नही जमनं."

पोरगी आपल्याच तोंडून आभार काढून घ्यायला आली होती! बाईंना रडता रडता हसू फुटलं. हसल्यावर पाय दुखला, त्या ओरडल्या, त्यावर सुलक्षणाही हसली. रवींद्र गेल्यापासून ती हसली नव्हती. मग बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार वाईट वागले गं. तुझ्या दुःखाची मी शिकवणी घेतली. चुकलं माझं."

सुलक्षणाने डबा उघडला. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. "खाई ल्या आधी," ती म्हणाली.

"मग नाताळला येशील ना?" हा प्रश्न बाईंच्या जिभेवर अगदी येऊन बसला होता. शब्द दिलेला, अध्यक्षपद पणाला लागलेलं, आणि पोरगी समोर बसलेली! बाईंनी तो प्रश्न भरताच्या घासाबरोबर गिळला. जन्मात त्यांनी गिळलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

नाताळच्या सकाळी नाना चाकांच्या खुर्चीशी झटापट करत होते, तेवढ्यात सुलक्षणा आली. "नानासना भरोसा नही," ती म्हणाली. "वाटमा फोन वाजना म्हंजे?" तिनेच खुर्ची ढकलत चर्चच्या फाटकापर्यंत आणली आणि तिथे थांबली. आतून ढोलकी ऐकू येत होती.

"इथवर आणलंस, पुष्कळ झालं," कमलबाई म्हणाल्या. "आत यायलाच हवं असं नाही. नाना नेतील मला."

सुलक्षणाने खुर्ची आत लोटली.

बाकांमधून खुर्ची पुढे जाईना, म्हणून पहिल्या बाकावरच्या अध्यक्षा सगळ्यांच्या मागे बसल्या आणि शेजारी सुलक्षणा. नवीनसर बघतच राहिले, त्यांचं गीताचं पान चुकलं. प्रार्थनेत त्यांनी वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची नावं घेतली. रवींद्रचं नाव आलं आणि सुलक्षणाला हुंदका आवरला नाही. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असा तो हुंदका होता.

पुढच्या बाकावरची रूपा सवयीने मागे वळली. "रडू नको गं, आधी आभार..."

"रूपा, पुढे बघ," कमलबाई म्हणाल्या. "रडू दे तिला." आणि सुलक्षणाचा हात घट्ट धरून त्या स्वतःही, अध्यक्षांना मुळीच न शोभणाऱ्या आवाजात, रडू लागल्या.