उजेडापुरती ताई

घरात तो बारक्या आणि कॉलेजात दिग्दर्शक. त्या आठवड्यात तो यांपैकी एकाही नावाला जागला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कॉलेजच्या व्हिडिओसाठीचं गाणं त्याच्या ताईनं घरीच रेकॉर्ड करून दिलं होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद, कपड्यांच्या कपाटात तोंड आणि डोक्यावरून रजई, अशा थाटात घामाघूम होत म्हटलं होतं. आवाज असा लागला की याच्या मित्रांनी ऐकून क्षणभर एकमेकांकडे नुसतं बघितलं. व्हिडिओ स्पर्धेला याच गाण्याचा व्हिडिओ करून पाठवायचा, असं जागच्या जागी ठरलं. मग कोणीतरी ताईचा फोटो मागितला, आणि फोटो हातोहात फिरताना सगळ्यांना एकदम खोकला आला.

ताई पस्तिशीची, अंगानं भरलेली, आणि वरच्या ओठावर लहानपणीच्या ऑपरेशनची ठसठशीत खूण.

"आवाज ताईंचा ठेवू, चेहरा दुसरा घेऊ," कॅमेरा सांभाळणारा मित्र म्हणाला. "नाचाच्या ग्रुपमधली ती उंच मुलगी ओठ हलवेल. फक्त ताईंना सांगायला हवं."

"ताईला मी सांगतो," बारक्या म्हणाला. सख्ख्या बहिणीसाठी भांडायचं तर सोडाच, साधी कुरकूरही त्यानं केली नाही. अख्ख्या कॉलेजला अक्कल शिकवणाऱ्या या पठ्ठ्यानं तिथे मूग गिळले.

आणि सांगितलंही नाही. आज सांगू, उद्या सांगू. ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. कोणाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल, ते दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायची आणि संध्याकाळी घरी येऊन आरशासमोर गाण्यावर ओठ जुळवायची. निळा ड्रेस कमरेत उसवून तिनं सैल करून घेतला.

"बारक्या, दुसऱ्या कडव्यात डोळे मिटू की उघडे ठेवू?"

"बघू," तो म्हणायचा. या एका शब्दावर त्यानं आठवडा रेटला.

शूटिंगच्या आदल्या दुपारी सगळी तयारी कॉलेजमागच्या पोहण्याच्या तलावात चालली होती. तलाव कधीचा कोरडा, सगळीकडे पांढऱ्या फरश्या; कुठेही दिवा लावला तरी उजेड उलटून डोळ्यांवर यायचा. उंच मुलीचा तास सुटायला वेळ होता. तोवर दिवे बसवायचे, तर तिच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. नेमकी तेव्हाच ताई शिडीवरून खाली उतरली. अर्ध्या दिवसाची रजा काढून, निळा ड्रेस घालून, कोणी न बोलावता आली होती.

"ताई, जरा या खुणेवर उभ्या राहता?" कॅमेरावाल्यानं विचारलं. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, हिला सगळं ठाऊक आहे.

"अरे, त्यासाठीच तर आलेय!"

फरशीवर चिकटपट्टीची फुली होती, तिच्यावर ती उभी राहिली. दिवा डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. "हनुवटी थोडी वर, ताई." तिनं वर केली. स्पीकर तपासायला कोणी गाणं लावलं, तशी ती गायलाच लागली; नुसते ओठ हलवणं तिला जमेना. दुसऱ्या कडव्यात तिनं डोळे मिटले. बारक्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत होता. ओठ दिसत होता, खूणही दिसत होती, आणि गाणं तिचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आता तरी जाऊन सांगावं, तिला तिथून बाजूला घ्यावं, असं त्याला वाटलं. पण पाय हलेनात. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात उंच मुलगी धापा टाकत आली.

"झालं ताई, थँक्यू हं," कॅमेरावाला म्हणाला. "आता हिला उभी करतो. ओठ जुळतात का ते बघायचंय."

ताई फुलीवरून हलली नाही. तिनं मुलीकडे बघितलं, मग भावाकडे. कॅमेरावाल्याचा चेहरा पडला.

"यानं तुम्हाला... सांगितलं नाही?"

दिग्दर्शक फरश्या बघत राहिला.

"सांगितलं की," ताई म्हणाली. "परवाच सांगितलं. मीच म्हटलं, उजेडासाठी मी उभी राहते, मुलीला कशाला ताटकळत ठेवायचं?" आणि ती हसली. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "हे बघ, दुसऱ्या कडव्याआधी मी मोठा श्वास घेते. तेव्हा तोंड मिटून राहू नकोस, नाहीतर पकडली जाशील."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बारक्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई पर्स घेऊन शिडी चढली, तसा तो मागोमाग धावला.

"ताई, मी सांगणारच होतो गं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मी कशी दिसते ते मला माहीत आहे रे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रोज आरसा बघते. तू कसा आहेस, ते माहीत नव्हतं."

ती गेली. खालून हाका सुरू झाल्या होत्या, "दिग्दर्शक, अरे ये ना!" तो उतरला, पडद्यासमोर बसला. गाणं लागलं. ताईच्या आवाजावर उंच मुलीचे ओठ हलू लागले. दुसऱ्या कडव्याआधी तिनं अगदी वेळेवर श्वास घेतला.

"परफेक्ट!" कॅमेरावाला ओरडला. "कोणाच्या बापाला कळणार नाही."