पट्टा फळी देते

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लगेच नाक मुरडू नका, मी माळ्यावर पडलेलं लाकूड नाही. कराटेच्या क्लासमध्ये परीक्षेच्या दिवशी जिच्यावर ठोसा मारतात ना, ती मी. जाड प्लॅस्टिकची, दोन तुकड्यांची. दोन्ही तुकड्यांच्या कडांना दाते आहेत. ते एकमेकांत बसवले की मी अखंड होते आणि नेमका, जोरकस ठोसा बसला की टक्कन दुभंगते. पुन्हा जोडा, पुन्हा मारा. आमच्यात रंगावरून कडकपणा कळतो. पिवळी लहानग्यांची, निळी त्याहून कडक आणि काळी सगळ्यांत खमकी. मी काळी आहे.

नवी होते तेव्हा काय तोरा होता माझा! आमचा क्लास इस्त्रीच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की लागणाऱ्या लांबट खोलीत. सर मला दोन मोठ्या मुलांच्या हातात धरायला देत आणि समोरच्याला म्हणत, "मनगट सरळ ठेव. आणि माझ्याकडे आशेने बघू नकोस. पट्टा मी देत नाही, फळी देते." भले भले माझ्यापुढे हात चोळत बसले. सरांची स्वतःची मुलगी दोनदा नापास झाली. जिन्यात बसून हमसून हमसून रडली. सरांनी तिला पाणी दिलं, पट्टा दिला नाही. तिसऱ्या खेपेला तिने मला असं उडवलं की माझा एक तुकडा थेट खिडकीच्या गजांवर जाऊन आपटला. खरं सांगते, आनंदाच्या भरात मला दुखलंसुद्धा नाही.

पण ठोसे खाऊन खाऊन दाते झिजतात, मित्रांनो. रंग तेवढा झिजत नाही. सरांचे गुडघे गेले, त्यांना जिना चढवेना. क्लास त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणतात. त्याच सुमारास रस्त्यापलीकडे दुसरा क्लास निघाला आणि तिथे प्रत्येक परीक्षेला प्रत्येक मुलाला नवा पट्टा मिळू लागला. एक बाबा तर ताईला तोंडावर म्हणाले, "समोर सगळेच पास होतात. आमचंच पोर तेवढं बिनकामाचं का?"

ताई वाईट नाही हो. मी सैल झालेय हे तिला कळलं होतं. तिने नवी काळी फळी मागवलीसुद्धा. पण पहिल्याच परीक्षेत ती कुणालाच फुटेना. मुलांनी भोकाड पसरलं, आईबापांची तोंडं उतरली, दोघा-तिघांनी क्लासच सोडला. पुढच्या खेपेला ताईने नवी फळी खोक्यात घातली आणि मला कपाटावरून खाली काढलं. "हिच्यावर मुलांचा हात बसलाय," असं म्हणाली. मग परीक्षेआधी माझ्या दात्यांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवू लागली. का, तर अडकायला नको. अगं बाई, अडकणं हेच तर माझं काम!

आणि मग ठिणगी आली. शिवणकाम करणाऱ्या बाईंची ही मुलगी. अंगात भलताच उत्साह, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. तिचा पांढरा गणवेश आईनेच शिवलेला, बाह्या वाढत्या अंगाच्या. तपकिरी, म्हणजे काळ्याच्या अगदी आधीच्या पट्ट्याच्या परीक्षेत ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मला दिसलं, ठोसा मारताना तिचं मनगट आत वाकतंय. माझ्या तरुणपणी मी तिला तिथल्या तिथे परत पाठवलं असतं. मी जीव एकवटून दाते आवळले. पण मेण लावलेल्या झिजलेल्या दात्यांत कसला जोर असणार? उघडले मी. टाळ्या पडल्या. तिच्या आईने डोळे पुसले. ताई म्हणाली, "बघितलंत ना? काळी फळी फोडली पोरीने!"

पोरी, मनगट वाकतंय गं तुझं! असं मी किती ओरडले. पण फळीचं कोण ऐकतं?

काळ्या पट्ट्याची परीक्षा मोठ्या सभागृहात, सगळ्या क्लासेसची मिळून असते. तिथे खरं लाकूड असतं. ताईच्या पिशवीत बसून मी ऐकत होते. ठिणगीचं नाव पुकारलं. तिने आरोळी ठोकली आणि पूर्ण विश्वासाने ठोसा मारला. तो विश्वास मी दिलेला. लाकूड फुटल्याचा आवाज आलाच नाही. वेगळाच आवाज आला आणि त्यामागून तिच्या आईची किंकाळी.

परवा ती क्लासमध्ये आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर. मूठ पुन्हा पूर्ण वळेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये. तिने मला मांडीवर घेतलं आणि सहज डाव्या अंगठ्याने माझ्या मध्यावर दाबलं.

टक्. मी उघडले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ही तर अंगठ्याने उघडते."

"जुनी झालीय गं ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

ताईने प्लॅस्टरवरून नजर वळवली. मग म्हणाली, "सगळी मुलं निघून गेली असती. क्लास बंद पडला असता, राणी."

"मला नापास करायचं होतं ना," ठिणगी म्हणाली. "रडले असते आणि परत आले असते."

तिने डाव्या हाताने, दातांची मदत घेत, कमरेचा तपकिरी पट्टा सोडला, माझ्यावर ठेवला आणि जिना उतरून गेली. ताई कितीतरी वेळ जिन्याकडे बघत बसली, त्याच पायऱ्यांकडे, जिथे ती स्वतः रडली होती. मला वाटलं, आता तरी खोकं उघडेल. तिने डोळे पुसले, पट्ट्याची घडी घालून कपाटात ठेवली, मला पुन्हा जोडलं आणि मेणबत्तीचा तुकडा शोधू लागली. उद्या परीक्षा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकू नका. मी हात जोडून उलटं मागते. मला टाका. मोडा, वितळवा, दाराला अडसर म्हणून लावा, पण परीक्षेला उभी करू नका. आणि तेवढं जमत नसेल, तर उद्या सकाळी कुणाचं तरी लेकरू माझ्यासमोर मूठ आवळून उभं राहील, त्याच्या आधी तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या आणि सगळ्यांदेखत मला फक्त अंगठ्याने दाबून बघा.