दुसऱ्यांदा भरलेल्या बांगड्या

पाहणारे : कोणी नाही

अश्निता उजव्या हाताने तव्यावरची रोटी उलथत होती आणि डाव्या अंगठ्याने फोन वर सरकवत होती. दोन्ही कामं तिला एकदम जमत. रोटी क्वचित करपायची.

फोन वाजला तसं ओट्याशी कसाव्याचे कंद सोलत बसलेल्या तिच्या आईने मान वर केली.

"कोण गेलं?"

"आई, सकाळी सकाळी असं नको बोलूस."

"मी कुठे बोलतेय? तुझा फोन बोलतो. कुणी गेल्याशिवाय तुला फोन तरी कोण करतं?"

पणजे-खापरपणजे हिंदुस्थानातून ऊस तोडायला आणले गेले त्या या बेटावर, तावुआपासून राकीराकीपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात असं एक घर नव्हतं, ज्यातली निम्मी माणसं सिडनी, ऑकलंड किंवा ब्रिस्बेनला गेलेली नाहीत. इथे कुणी वारलं की तिकडे कुणाला रजा नसायची, कुणाच्या कागदांची भानगड असायची. मग अश्निता गाडीत कॅमेरा, स्टँड आणि तीन कंपन्यांची सिमकार्डं टाकून जायची आणि ‘अंतिम दर्शन’ नावाच्या तिच्या पेजवरून अंत्यविधी लाइव्ह दाखवायची. काम चांगलं होतं. ऑकलंडच्या एका म्हाताऱ्याने तिला लिहिलं होतं, पोरी, तुझ्यामुळे भावाचं तोंड पाहिलं. तो निरोप तिने अजून पुसला नव्हता.

पण कामाने तिला आणखीही काही शिकवलं होतं. पंडितजी मंत्र म्हणू लागले की लोक निघून जातात. लांबून दाखवलं की जातात. रडणाऱ्या बाईचा चेहरा जवळ घेतला की परत येतात, आणि पडद्यावर लाल बदाम उडू लागतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाहणाऱ्यांच्या आकड्याने सांगितलं होतं. आता जेवताना, देवळात, आईशी बोलतानाही तिची नजर आकड्यावर जायची.

आठ महिन्यांपूर्वी तिने एका तरुण विधवेच्या बांगड्या फोडतानाचा दीड मिनिटाचा तुकडा पेजवर ठेवला होता. तीन लाख लोकांनी तो पाहिला. ‘ही आपली खरी संस्कृती’, ‘परदेशातल्या पोरींना दाखवा’. त्याआधी या वस्त्यांमधून ती रीत जवळजवळ उठलीच होती. दोन-तीन जाणत्या बायका त्या बाईला मागच्या नळावर न्यायच्या, साबण लावून बांगड्या उतरवायच्या, आणि कुणीतरी चहा करायचं. एवढंच. तो तुकडा फिरला आणि लोक फोनवर सांगू लागले : त्या व्हिडिओत आहे तसंच पाहिजे.

आजचा फोन सिडनीहून होता. राजमतीदीदी. तिचा धाकटा भाऊ दीप, ऊस वाहणाऱ्या लॉरीचा ड्रायव्हर, मंगळवारी स्टिअरिंगवरच गेला होता.

"आई लवकर गेली, त्याला मी वाढवलाय," राजमती म्हणाली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने तिला उठता येत नव्हतं. "मला सगळं बघायचंय. एक गोष्ट सुटता कामा नये. तो तुझा बांगड्यांचा व्हिडिओ बघितला मी, तस्सं."

"हो दीदी."

"प्रेमिला थोडी आढ्यतेखोर आहे. पण ऐकेल. घर माझ्या नावावरच्या जमिनीवर आहे."


पाहणारे : ४१

शनिवारी सकाळी घरापुढच्या ताडपत्रीखाली पुरुष यंगोनाची, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाची, परात मधे घेऊन बसले होते. दीपची रिकामी लॉरी बाजूला उभी होती आणि कुणीतरी तिच्या आरशाला झेंडूची माळ घातली होती. मयताची पेटी अजून यायची होती. अश्निताने चाचणी म्हणून लाइव्ह सुरू केलं तर एवढ्यातच एक्केचाळीस जण येऊन बसले.

मयताच्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून शेजारची फुलमती काकी स्वतःच्या घरून डाळ-भाताची पातेली आणत होती. सत्तरीची, जिभेने तिखट.

"काय गं, मी दिसेन ना त्यात?"

"दिसाल काकी."

"मग डावीकडून घे. उजवीकडे दात नाहीत. ब्रिस्बेनला माझी व्याही मंडळी आहेत, ती पहिल्यांदा दातच मोजतील."

आतल्या खोलीत प्रेमिला चटईवर बसली होती. पन्नाशीची, सडसडीत. मूलबाळ नव्हतं. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, त्याच्यावर कुणाची तरी अर्धी शिवलेली निळी शाळेची पिनाफोर.

"तुझा गणवेश मीच शिवायचे," ती म्हणाली. "तुझी आई सांगायची, खाली दुमड भरपूर सोड, दोन वर्षं चालला पाहिजे."

"तीन चालला, काकी."

प्रेमिला थोडी हसली. मग तिने आवाज खाली आणला.

"एक सांगू? बांगड्या माझ्या मीच उतरवणार आहे. मागे नळावर. माझ्या सासूने तसंच केलं होतं, तेव्हा पाणी मीच घातलं होतं तिच्या हातावर. तेवढं तुझ्या कॅमेऱ्यात नको. बाकी घे सगळं. दीदीला भाऊ बघू दे."

"बघते काकी," अश्निता म्हणाली.

वाचकहो, ‘बघते’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. नाही म्हणायचं धाडस नसतं आणि हो म्हणायची इच्छा नसते, तेव्हा. प्रेमिलाने तो ‘हो’ म्हणून ऐकला. अश्निता बाहेर आली तेव्हा राजमतीचा निरोप येऊन पडला होता : बांगड्या अंगणात, पेटीपाशी. उजेड चांगला आहे तिथे. सुरेनशी बोलले आहे.

सुरेन हा दीपचा धाकटा भाऊ. मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात गेला नव्हता.


पाहणारे : १,८६०

ॐ शांती
ॐ शांती दीप भैया
आवाज येत नाही
किती बारीक झाला होता
कॅमेरा जरा खाली घ्या
ती कोण, बायको का? रडत का नाही

पेटी अंगणात ठेवली होती. सुरेन आत गेला आणि वहिनीला दंडाला धरून घेऊन आला. ओढून नव्हे. आजारी माणसाला आणावं तसं, मऊपणे. प्रेमिलाने पेटीशेजारची वीट पाहिली, विटेवरचा दगड पाहिला. मग तिने अश्निताकडे पाहिलं. अश्निताने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं.

"बस बाई," फुलमती काकी म्हणाली. "पटकन करू. माझंही असंच झालं होतं, मेले नाही मी."

प्रेमिलाने हात विटेवर ठेवला. आकडा दोन हजारांवर गेला. अश्निताने भिंग मनगटावर नेलं. फुलमती काकीने दगड उचलला आणि


पाहणारे : ०

रेंज गेली.

पुढची सहा मिनिटं सिडनीत कुणी पाहिली नाहीत, म्हणून ती इथे सांगायला हवीत. काच विटेवर पडत राहिली. शेवटची बांगडी फुटल्यावर प्रेमिलाने पेटीच्या काठावर कपाळ टेकलं आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं, अगदी हळू, घरातून निघणाऱ्याला येताना काय आणायचं ते सांगावं तसं. फुलमती काकी दगड टाकून देऊन रडायला लागली आणि आपले दात कुठून दिसतात हे विसरली. यंगोनाच्या वाट्या थांबल्या. बघायला आकडा नव्हता म्हणून अश्निताने कितीतरी महिन्यांनी एक अंत्यविधी डोळ्यांनी पाहिला. प्रेमिलाच्या बोटाच्या टोकाला सुईने पडलेले बारीक काळे ठिपके तिला दिसले.

मग तिसरं सिमकार्ड लागलं. आणि सुरेनचा फोन वाजला.

त्याने तो कानापासून दूर धरला, तरी राजमतीचा आवाज अर्ध्या अंगणाला ऐकू आला. "काही दिसलं नाही. पडद्यावर चाक फिरत राहिलं नुसतं. माझ्या दोन्ही नणदांची घरं इथे जमलीत. पुन्हा करायला सांग."

"दीदी, पण आता बांगड्या कुठून..."

"त्या पोरीला विचार."

सुरेनने अश्निताकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहायलाच हवी. अश्निताच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत, बॅटऱ्यांच्या कप्प्यात, लाल काचेच्या बांगड्यांचा एक डझन होता. बा नावाच्या गावात एकदा अशीच रेंज गेली होती आणि दुकान शोधण्यात अर्धा तास मोडला होता. तेव्हापासून ती बरोबर ठेवायची. बॅटरी जास्तीची ठेवतात तशा. आजवर तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तिने त्या बाहेर काढल्या. प्रेमिला बघत होती. बांगड्या पिशवीतून आल्या, दुकानातून नव्हे, हे तिने पाहिलं.

"काकी," अश्निता म्हणाली, आणि हे तिचे स्वतःचे शब्द होते, कुणी सांगितलेले नव्हते, "पुन्हा एकदा. दोनच मिनिटं. या वेळी हात जरा वर धरा."


पाहणारे : २,३१५

बांगड्या मापाला लहान होत्या. सुरेनच्या बायकोने एका हातात, फुलमती काकीने दुसऱ्यात, अशा दाबून दाबून भरल्या. नवरा पेटीत, आणि त्याच्या उशाशी त्याच्या बायकोला चुडा भरला जात होता.

आता नीट दिसतंय
जरा उजवीकडे
ॐ शांती
हे आधी झालं ना? परत का?
गप्प बसा, ज्यांना दिसलं नाही त्यांच्यासाठी

पहिल्या दगडाला चार फुटल्या. घट्ट असल्यामुळे काच आत रुतली आणि मनगटावरून रक्ताची एक रेघ विटेवर उतरली. बदाम उडू लागले. कुणीतरी लिहिलं, दुसऱ्या बाजूने दाखवा.

अश्निताने ते वाचलं, आणि तिचा हात स्टँडकडे गेला. सवयीने.

प्रेमिलाने हात मागे घेतला.

"हे चालू आहे का?" तिने विचारलं.

"हो," अश्निता म्हणाली.

"दीदी ऐकतात?"

"ऐकतात."

"दीदी, दीप मंगळवारी गेला," प्रेमिला म्हणाली. आवाज साधा होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "तेव्हा मी विधवा झाले. देवाने केलं, मी तोंड उघडलं नाही. मघाशी तुम्ही सगळ्यांनी केलंत, तरी उघडलं नाही. आता तिसऱ्यांदा होणार नाही."

"वहिनी, आठच तर राहिल्यात," सुरेन म्हणाला.

"त्या राहतील."

फुलमती काकी घाबरली. "अगं, विधवेच्या हातात लाल बांगड्या? लोक काय म्हणतील?"

"कुणी भरल्या काकी?"

फुलमती काकीने सुरेनच्या बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही भरल्यात. इथे, ह्यांच्या समोर, दोन हजार लोकांच्या साक्षीने भरल्यात. विधवेला बांगड्या चालत नसतील तर भरताना हात का नाही थरथरला तुमचा? कॅमेऱ्यासाठी चालतात, मग माझ्यासाठी पण चालतील."

सुरेनचा फोन पुन्हा वाजला. आता राजमती वेगळंच सांगत होती. "बंद करा ते. आधी बंद करा."

"बंद कर गं," सुरेन म्हणाला. पुरुषांमधून दोघे उठले. "बंद कर, पोरी."

ज्यांना सगळं बघायचं होतं, त्यांना आता काही बघायचं नव्हतं. अश्निताने प्रेमिलाकडे पाहिलं. या दिवसात पहिल्यांदाच तिने तिला विचारलं, "काकी, बंद करू?"

"राहू दे," प्रेमिला म्हणाली. "पेटी उचलेपर्यंत राहू दे." आणि रक्ताळलेलं मनगट पदरात गुंडाळून ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. आठ बांगड्या घालून.

रेंज एकदाही गेली नाही.


पाहणारे : मोजता येत नाहीत

प्रेमिलाची पाठ थोपटली गेली असेल असं वाचकांना वाटत असेल, तर तसं झालं नाही.

लोकांनी प्रेमिलाचं बोलणं कापून टाकलं. फक्त दगड, मनगट आणि रक्त एवढा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वेगळा करून, मागे सतार लावून फिरवला. ‘पतिव्रता’. अश्निताने आपल्या पेजवरून हे आणि आठ महिन्यांपूर्वीचं, दोन्ही काढलं. तोवर ते तुकडे हजारो हातांत गेले होते. ज्यांनी पूर्ण पाहिलं होतं त्यांनी शिव्या लिहिल्या, बहुतेक अश्निताला, काही प्रेमिलाला, एकही राजमतीला नाही.

दीदीने घर रिकामं करायला सांगितलं, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरेनने वहिनीला शिलाई मशीन गाडीत चढवायला मदत केली. तो खाली मान घालून रडत होता आणि तरी चढवत होता. प्रेमिला आता राकीराकीच्या बाजारामागे एका खोलीत राहते. अश्निता पहिल्यांदा गेली तेव्हा तिने दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही.

"काकी, चूक झाली माझी."

"हो," प्रेमिला म्हणाली. "झाली."

अश्निता दारातच उभी राहिली. तिला वाटलं होतं माफी मिळेल, निदान चहा मिळेल.

"मला सांगून काय होणार?" प्रेमिला म्हणाली. "माझं झालं. पुढची कोण आहे ते बघ." आणि तिने दार लावलं. जोरात नाही.


तीन आठवड्यांनी सिंगातोकाकडून फोन आला. अश्निताची आई समोर बसली होती. या वेळी तिने काही विचारलं नाही.

माणूस घाईत होता. काका वारले होते, उद्या अकराला पेटी, ऑकलंडहून चाळीसेक जण बघणार. "आणि तो बांगड्यांचा भाग. तुमच्याकडचा तो फेमस आहे."

"त्या बाईंशी बोलायचंय मला."

"कुठल्या?"

"तुमच्या काकूंशी."

"काकू कशाला? बोलणं माझ्याशी करा. फोन मी केलाय."

"त्या सांगतील ते मी दाखवेन. त्या नको म्हणाल्या तर नाही दाखवणार."

"अहो, ती काय सांगणार या अवस्थेत? दुसरं कुणी बघतो मी."

"बघा. पण दुसऱ्याने दाखवलं तरी मी उद्या येणार आहे," अश्निता म्हणाली. "कॅमेरा न घेता येईन आणि त्यांच्याजवळ बसेन. हाकलून द्यायचं तर तेव्हा द्या. आत्ता फोन न्या त्यांच्याकडे."

पलीकडे तो काहीतरी पुटपुटला. फोन कट होईल असं वाटलं. झाला नाही. चपलांचा आवाज आला, भांडी, एक मूल, मग दार. कुणीतरी म्हणालं, घ्या, बोला, काय म्हणते बघा.

फोन काकूंच्या हातात गेला.

अश्निताच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत तिने प्रत्येक घरी, वारलेल्या माणसाचं नाव नीट, शुद्ध लिहून घेतलं होतं, जन्मगावासकट. मागे राहिलेल्या बाईचं एकदाही नाही.

"हॅलो," ती म्हणाली. "काकू, तुमचं नाव काय?"