बुधवारचा फळा

"सर, खडू खाली ठेवा!"

मी दारातूनच ओरडले. जिना धावत चढल्याने धाप लागली होती. बाळांच्या वॉर्डाबाहेरच्या त्या खोलीत बाकं भरून आईबाप बसले होते. फळ्यावर सरांनी एक इवलं फुप्फुस काढलं होतं आणि शेजारी आपल्या नव्या औषधाच्या थेंबांचा पहिला घटक लिहायला हात उचलला होता.

पुढच्या बाकावरच्या आजी वळल्या. "ही कोण गं बाई? शाळा तपासायला आली की काय?"

सगळे हसले. मला हसू येईना. मागे एक बाप मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता.

सर या वॉर्डाचे डॉक्टर आणि विद्यापीठातले संशोधक; दर बुधवारी त्यांचा हा फळा असायचा. वेळेआधी जन्मलेली, झोपेत श्वास घ्यायला विसरणारी बाळं आत काचेच्या पेटीत, आणि त्यांचे आईबाप इथे. काहीही विचारा, सर सांगणार. माझी लेक आत होती तेव्हा मीही इथेच बसायचे. ती वाचली, पण अजूनही मी उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. संशोधनाचे हक्क कंपन्यांना देणाऱ्या विद्यापीठाच्या परवाना विभागात नोकरी लागली तेव्हा अशा बाळांचा श्वास चालू ठेवणाऱ्या सरांच्या थेंबांचं काम मी हट्टाने मागून घेतलं, ते त्यासाठीच.

थेंब अजून प्रयोगशाळेतच होते, कुठल्याच बाळाला दिलेले नव्हते. परदेशातली एक कंपनी ते बनवायला तयार झाली होती. अट एकच: पेटंटचा अर्ज जाईपर्यंत कृती कुठेही उघड व्हायची नाही. अर्ज आज दुपारी जाणार होता. आणि आज बुधवार आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी सरांजवळ जाऊन कुजबुजले, "आता बोललात तर हक्क गेला, सर. कंपनी अंग काढून घेईल. थेंब तुमच्या फ्रीजमध्येच पडून राहतील."

"अगं, आईबाप आहेत ते. चोर आहेत का?"

"तो मोबाइल बघा ना."

तेवढ्यात एक बाई भिंतीचा आधार घेत उभी राहिली. बाळंतपणाचा अशक्तपणा तिच्या चेहऱ्यावर तसाच होता. "सर, आमच्या बाळाला आज आमच्या गावच्या दवाखान्यात हलवतायत. त्याला काही ते थेंब मिळायचे नाहीत, माहीत आहे मला. पण असतं काय हो त्यात? नुसतं कळू तर द्या."

सरांचा हात तसाच वर राहिला. ती बाई माझ्याकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होती.

"आज नाही सांगता येत, ताई."

"सरांनाच येईना, म्हणजे पेपर अवघड दिसतोय," आजी म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही. बाई हळूच खाली बसली. सरांनी डस्टर शोधलंच नाही. तळहातानेच फळा पुसला, फुप्फुससुद्धा.

दुपारी अर्ज गेल्याचा फोन आला आणि मी पुन्हा जिना धावत चढले. सर एकटेच बाकावर बसले होते. उजवा तळहात अजून पांढरा होता.

"गेला अर्ज, सर! आता खुशाल सांगा."

"कुणाला?"

"त्या ताईंना."

"त्यांची गाडी मघाशीच गेली."

मी त्या बाईच्या जागी जाऊन बसले. सर उठले. त्यांनी ते इवलं फुप्फुस पुन्हा काढलं, मघाच्याइतकंच जपून. शेजारची जागा मात्र कोरीच ठेवली.