बदललेली ओळ

आमच्या ह्यांना पुढेपुढे करायची भारी हौस. कामाने आंब्यांवरच्या किडीचे शास्त्रज्ञ, पण लखनौच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी झाल्यापासून पाहुणा कुठलाही असो, तो आधी आमच्याच घरी जेवायला. शहाऐंशीच्या नवरात्रात त्यांनी साबेलाला आणलं. ती स्पेनच्या गालिसिया मुलुखातली लोकगीतं गाणारी. हातात डफली, आणि साथीला इलेक्ट्रिक गिटार नि सिंथेसायझर वाजवणारे दोन लांबकेसे तरुण. आजीकडची गाणी ती त्या वाद्यांवर म्हणायची, आणि जाईल त्या गावातल्या एका बाईला स्टेजवर बोलावून तिचंही गाणं त्याच वाद्यांवर म्हणवून घ्यायची.

ती आमच्याकडे आली त्या दिवशी अलीगंजच्या आमच्या गच्चीवर भोंडला होता. पाटावर हत्ती काढून आम्ही फेर धरला होता. एक गाणं साबेलाला फारच आवडलं आणि कार्यक्रमात ते गायला तिने मलाच धरलं. मला न विचारताच ह्यांनी "अरे यार, जरूर गाएगी" म्हणून टाकलं. गाण्यात सून सासूची गाऱ्हाणी सांगते. भोंडल्यात ते चालतं, कुणी मनावर घेत नाही. शिवाय आमच्या सासूबाई गुडघ्यांमुळे कधी गच्चीवर चढतच नसत.

कार्यक्रमाला मात्र त्या पहिल्या रांगेत, इरकली नेसून. हॉल खच्चून भरलेला. गिटार सुरू झाली, आणि आमच्या भोंडल्याचं गाणं तिच्यावर इतकं छान बसलं की मलाच नवल वाटलं. लोकांनी ताल धरला. मग ती ओळ आली:

तूप ठेवलं कुलपात बाई, किल्ली सासूच्या कमरेला.

आमच्या घरी ते अगदी तसंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी आपल्या हाताने आपल्या भातावर तूप वाढून घेतलं नव्हतं. समोर सासूबाई मान डोलावत होत्या. माझी जीभच वळेना. मी घाईघाईने म्हटलं:

तूप वाढलं वाटीभर बाई, सासू माझी मायाळू.

हॉलमधल्या मराठी बायकांना ते गाणं लहानपणापासून पाठ. आधी त्या एकमेकींकडे बघायला लागल्या, मग खुसखुस सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. सासूबाईंची मान डोलायची थांबली. कसंबसं मी गाणं संपवलं.

पुढचं गाणं साबेलाचं. तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हेही सासूचंच गाऱ्हाणं आहे, आणि ते तिला तिच्या सासूनेच शिकवलं. लोक खळखळून हसले. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझे कान तापले होते.

घरी येताना हे स्कूटरवर पुढे गेले. सायकलरिक्षात आम्ही दोघीच. त्या काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं, की चार लोकांत तुमचा अपमान नको म्हणून ओळ बदलली.

त्या म्हणाल्या, "मी माझ्या सासूसमोर हेच गाणं म्हणायची. त्या मुद्दाम पुढ्यात येऊन बसायच्या. पोट धरधरून हसायच्या."

मूळची ओळ म्हटली असती तर लोक हसून विसरले असते. मी ती गिळली, आणि आमच्या घरातली गोष्ट सगळ्या हॉलला कळली. शरमेने मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

"त्यांच्या घरात तुपाला कुलूप नव्हतं गं, वसुधा. म्हणून मला म्हणता आलं."