धामणीची कात

हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी साप-सरड्यांच्या जनुकांतली चार अक्षरं मोजते: कुणात कोणतं किती, कुठं दाट, कुठं विरळ. गावी, किन्हीराजात, बाबांना एवढंच कळलंय, की आपल्या राखीला कामाला साप लागतात. म्हणून वावरात कात सापडली की ते अंगठ्याला थुंकी लावून तिची एकेक घडी सरळ करतात आणि पेपरात गुंडाळून पाठवतात. उन्हात पडून जनुकं विरलेली कात माझ्या काय कामाची! पण सांगवत नाही. तीन वर्षांत मी एकदाही गावी गेले नाही, पुड्या मात्र येतच राहिल्या.

परवा हट्टानं त्यातली एक धामणीची कात मशीनमध्ये वाचून घेतली. सापाच्या अक्षरांच्या दाटी-विरळीची रेघ बरीचशी सपाट यायला हवी होती. पडद्यावर उंच चढउतार उमटले, माणसात असतात तसे.

प्रयोगशाळेतले सर वैतागले. "हात लागलाय कुणाचा तरी. फेकून दे."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय निघालं वं माह्या धामणीत?"

"तुमीच निघाले, बाबा. तुमची थुंकी. सर म्हणतात, फेकून दे."

ते खूप हसले.

"मंग फेकू नोको," म्हणाले. "तू घरी येईपर्यंत राहू दे मले तिथंच."