लाल रेघेवरचं बोलणं

"माझां बोलणां बदलू नको गो. कथा तुझी, तोंड माझां." देवगडच्या बंदरावर मासे विकणाऱ्या शेवंतीमावशीने मला बजावलं होतं. तिच्यावर मी लिहीत असलेली कथा दिवाळी अंकाला संध्याकाळपर्यंत हवी होती, तीही टाइप करून.

पुतणी दिव्याने तिचा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. रोज पानभर रामनाम हाताने लिहिल्याशिवाय मी पाणी पीत नाही, म्हणून आधी ते आटोपलं.

दिव्या हसली. "काकी, हेच्यार एकदा लिव नि कॉपी करून चिकटवीत सूट. चाय होयसर लाखभर जप होतलो."

"रामाक चलात गो. माका चलाचां नाय."

कथा मात्र लॅपटॉपवर भराभर उतरली. बोटं दुखली नाहीत, खाडाखोड दिसली नाही. दुपारी दिव्याला वाचून दाखवताना मावशीचं वाक्य आलं : "समुद्राने पती नेला, पण पोट कुठे नेले?"

"ही मासे इकता काय बँकेत बसता?" दिव्याने विचारलं.

मावशी म्हणाली होती, "दर्यान घोव नेल्यान, पोट खंय नेल्यान?" तिच्या शब्दाखाली चुकीची लाल रेघ उमटली की तांदळातला खडा वेचावा तसा मी तो शब्द काढत गेले होते. यंत्राने स्वतः काही बदललं नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत शिरताना आपण आपली बोली दाराबाहेर ठेवतो, तशी मीच ठेवली होती.

मी कागद घेतला आणि मावशीचं बोलणं तेवढं हाताने लिहिलं. पेन सावकाश चालतं, त्यामुळे आधी तिचा आवाज यायचा, मग अक्षर. 'घोव' म्हणताना तिने दर्याकडे बघितलं होतं, तेही आठवलं. मग पानात बघून तेच टाइप केलं. लाल रेघांनी पडदा भरला, भरू दे. बाकीची कथा यंत्रावर छान उतरली होती, तिला हात लावला नाही.

पाठवण्याआधी मावशीला फोन केला. म्हटलं, "संपादक वाचून म्हणतीत, अर्थ कळणा नाय."

"कळतलो. पोट तेंकाय आसा. पण छापूच्या आधी माका वाचून दाखव."

"आत्ताच येतंय."

"फोनवर वाच मगे," दिव्या म्हणाली.

फोनवर तिचा चेहरा दिसला नसता. हाताने लिहिलेलं पान पिशवीत घालून मी बंदराची वाट धरली.